आला तो दिसला पाहिजे

“सोलो कुठाय?” हारूननं विचारलं.

मी टेप मागं घेऊन पुन्हा लावली. स्पीकरमधून त्याची गिटार किंचाळत होती आणि टीव्हीवर मात्र सहा-सात म्हातारी माणसं आमच्याकडं पाठ करून उभी होती. गिटार नाही, हारून नाही, त्याचं एक बोटसुद्धा नाही.

“दुसरा कॅमेरा लाव.”

दुसरा आमच्या दुकानातल्या दिलीपचा होता. त्यातही तीच म्हातारी माणसं, जरा डाव्या बाजूनं.

“शैलाताई, एक मिनिट चाळीस सेकंदांचा सोलो हाय त्यो. सहा वर्षं घासलाय मी. तीन कॅमेरे होते, तीन. एकालाबी मी दिसलो न्हाई?”

“तिसरा माझा,” मी म्हटलं. “तोही तिकडंच वळलाय.”

हारूननं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्याच्या घरचं दूध नासवलंय. मग उठला आणि तिसरी टेप न बघताच दुकानावरच्या माडीचा जिना उतरून गेला. त्याचा ड्रमर सुकुमार चौगुले मागं राहिला. हा सुकुमार ड्रम बडवताना राक्षस आणि एरवी गाय. तो हळूच म्हणाला, “ताई, माझं मात्र लई बेस्ट आलंय.”

हसू आलं, पण हसण्यासारखं नव्हतं. चूक आमचीच होती, आणि ती चूक आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती.

आमचा धंदा लग्नाचा. इचलकरंजीत आवटी व्हिडिओ म्हटलं की लोक आधी अण्णांचं नाव घ्यायचे, माझ्या वडिलांचं. ते जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि दुकान मी चालवत होते. अण्णांचा एकच नियम होता: आला तो दिसला पाहिजे. “नवरा-नवरी कुठं पळून जात न्हाईत,” ते म्हणायचे. “पाहुणे जातात. आधी पाहुणे टिपा.” एकदा रुकडीच्या एका लग्नात नवऱ्याची आत्या कॅसेटमध्ये कुठंच आली नाही. त्यावरून दोन घरांचं तीन वर्षं बोलणं बंद होतं. शेवटी अण्णांनी आत्याला दुकानात बोलावलं, शालू नेसवला, अक्षता टाकायला लावल्या आणि ते मंगलाष्टकांच्या मधे जोडून दिलं. तेव्हा कुठं ती घरं एका ताटात जेवली. रुसलेल्या पाहुण्यालाही अण्णा सोडायचे नाहीत. “रुसलेला आधी टिप,” म्हणायचे. “रुसला का असेना, आलाय न्हवं?”

मी, बापू मगदूम आणि दिलीप, आम्ही तिघंही अण्णांच्या हाताखाली तयार झालेलो. बापू आधी यंत्रमागावर होता, पुढं दमा लागला म्हणून आमच्याकडं आला. अशा तिघांच्या हातात हारूननं आपल्या रॉक बँडची फिल्म दिली होती.

बँडचं नाव भोंगा. चार पोरं, चौघंही यंत्रमागाच्या घरातली. गाणी मराठीत, मागावरची, सूत नेणाऱ्या धोट्यावरची, रात्रपाळीवरची. आवाज एवढा की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या दाढा हलल्या. गाव त्यांना हसायचं. पण मुंबईच्या एका कॅसेट कंपनीतल्या कारखानीस नावाच्या माणसानं त्यांची टेप ऐकली आणि निरोप धाडला: तुमच्याच गावात कार्यक्रम करा, त्याची फिल्म पाठवा, पसंत पडली तर करार. हारून त्या निरोपावर जगत होता. मागावरचं काम त्यानं दीड वर्षापूर्वी सोडलं होतं आणि तेव्हापासून त्याचे वडील त्याच्याशी बोलत नव्हते.

कार्यक्रम आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी ठेवला होता. त्या दिवशी माग बंद असतात आणि अख्खं गाव कानात कापूस घातल्यासारखं गप्प असतं. मैदानात जनरेटर लावला, कोल्हापुरातून माणसाएवढे दोन स्पीकर आणले. पोरं आली, सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका आल्या, आणि कुणाला वाटलं नव्हतं तेवढे जुने विणकर आले. या लोकांना ऐकू येत नाही. तीस-तीस वर्षं खटाखटात उभं राहून कान गेलेले असतात. ते मागं खुर्च्यांवर गप्प बसून होते. हारूनचा सोलो सुरू झाला तसा त्यातला एक उठला, मग दुसरा उठला. सरळ चालत स्पीकरपाशी गेले आणि स्पीकरच्या फळीवर त्यांनी तळहात टेकले.

मागाला हात लावून बघतात तसे. मागात कुठं खोट असली तर जुना विणकर कान लावत नाही, लोखंडावर तळहात ठेवतो आणि सांगतो, अमुक ठिकाणी ढिलं झालंय. एवढं मलाही माहीत होतं.

आम्ही तिघं तीन कोपऱ्यांत होतो. कुणी कुणाला हाक मारली नाही. तिघांनीही कॅमेरे स्टेजवरून काढले आणि त्या म्हाताऱ्यांवर लावले. पाहुणे उठून आल्यावर नवरदेवाकडं कोण बघतंय?

ते दोघं गेल्यावर मी माझी टेप एकटीनं बघितली. आणि कपाळाला हात लावला.

माझ्या चौकटीत बाबालाल मुजावर होते, हारूनचे अब्बा. डोक्याला पांढरी टोपी, उजवा तळहात स्पीकरवर, डोळे मिटलेले. बराच वेळ तसेच उभे. मग डोळे उघडून त्यांनी स्टेजकडं बघितलं, जबडा घट्ट केला, डावी मूठ खांद्यापर्यंत वर उचलली आणि पोराच्या दिशेनं गरागरा फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा. सोलो वाजवताना हारून नेहमी डोळे मिटून घेतो, त्यानं काहीच बघितलं नव्हतं. अब्बा आले होते हेही त्याला ठाऊक नव्हतं.

त्यानं मागाची नोकरी सोडली तेव्हा बाबालाल भर गल्लीत ओरडले होते, “माझं कान मागानं खाल्लं, तुझं तू स्वतःच्या हातानं खाणार व्हय रे?” बहिरा माणूस, त्याला हळू बोलताच यायचं नाही. सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं. आणि आता ही मूठ. पोराला भर कार्यक्रमात मूठ दाखवतो हा माणूस, असं मला वाटलं आणि हारूनची दया आली. ती टेप मी कपाटात ठेवून दिली. दुसऱ्या दोन टेपांतून फिल्म जोडली आणि मुंबईला पाठवली.

आठ दिवसांनी कारखानीसांचा फोन आला. फोन दुकानात यायचा, म्हणून मी आणि हारून दोघंही रिसीव्हरला कान लावून उभे होतो.

“जोर आहे तुमच्यात,” कारखानीस म्हणाले. “पण हे म्हातारे कोण? रॉक बँडची फिल्म आहे की वृद्धाश्रमाची? आणि त्या पदर घेतलेल्या बायका? काढून टाका सगळं. तू मुंबईला ये, सोलो आपण स्टुडिओत काळ्या पडद्यापुढं शूट करू आणि मधे घालू. कुणाला कळणार नाही.”

“येतो,” हारून म्हणाला.

चार दिवसांनी तो परत आला. मुंबईची टेप त्यानं माझ्या टेबलावर ठेवली. मी लावून बघितली. काळा पडदा, खालून धूर, अंगात कुणाचं तरी चामड्याचं जाकीट. बोटं अगदी जवळून दिसत होती आणि बोटांना तोड नव्हती, हे मी कबूल करते.

“हे घाला,” तो म्हणाला. “म्हातारी माणसं काढा.”

“आली होती ती.”

“शैलाताई, हे लग्न न्हाई.”

“लग्न असतं तर सोपं होतं,” मी म्हटलं. “लग्नात नवऱ्याला निदान कळतं, कोण कोण आलंय.”

त्यानं मान वर केली. “कोण आलतं?”

इथं मी सांगायला हवं होतं. पण ती मूठ माझ्या डोळ्यांपुढं आली. दीड वर्षांनी बाप आला तोही मूठ उगारायला, हे सांगून मला काय मिळणार होतं?

“गाव आलतं तुझं,” मी म्हटलं.

“गावानं काय दिलंय मला?” हारून म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटलं. “कारखान्याच्या दारात मला बघून शिट्ट्या मारतात. हे एक दार उघडलंय. ते तुमच्या हातानं बंद करू नका. पाया पडतो.”

पाया पडतो म्हटल्यावर काय करणार? मी मुंबईचा सोलो घातला आणि म्हातारी माणसं काढली. काम स्वच्छ झालं, आवाजाचा सांधा कळत नव्हता. फक्त सोलोच्या आधी हारूनचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, सोलोत तो जाकीट घालून कोरडा ठणठणीत, आणि सोलो संपला की परत तोच घामाचा शर्ट. मला ते बघवेना. कारखानीसांना चाललं असतं.

ठरलं असं: सुट्टीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता मंगल कार्यालयात फिल्म दाखवायची. कारखानीस स्वतः येणार, गावाचा प्रतिसाद बघणार आणि तिथंच सही होणार. सुकुमार गावभर सांगत सुटला, “तुम्ही दिसताय फिल्ममधे, या बघायला.” त्याला काय माहीत मी काय काय कापलंय ते.

आदल्या दिवशी दुपारी दुकानाच्या दारात बाबालाल उभे राहिले. डोक्यावर तीच पांढरी टोपी. आत आले नाहीत. उंबऱ्यातूनच रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, “मी दिसतोय काय?”

मी हातातली टेप खाली ठेवली.

“फिल्ममधी. दिसतोय न्हवं मी?”

चेहरा कडक होता, त्यावर हसू म्हणून नव्हतं. मला वाटलं, या माणसाला आपला राग सगळ्या गावापुढं मांडायचाय. रुसलेल्या पाहुण्यालाही आपण रुसलेलं दिसायला हवं असतं, हे या धंद्यात शंभरदा बघितलंय. त्यांना विचारावं तर ऐकू येत नव्हतं, आणि विणकरांसारखं हातवाऱ्यांनी बोलायचं मला कधी जमलं नाही. आमचं घर कॅमेऱ्याचं, मागाचं नव्हे.

मी मान हलवून हो म्हटलं. चक्क खोटं. ते “बरं” म्हणाले आणि गेले.

भिंतीवर अण्णांचा फोटो होता. अण्णा काही बोलले नाहीत, फोटो बोलत नसतात. पण मला माझीच चीड आली. कोण कुठले कारखानीस, त्यांनी आमचं गाव एकदा बघितलेलं नाही, आणि त्यांच्या सांगण्यावरून मी माझ्या गावातली माणसं पुसून टाकली होती. वर दारात आलेल्या म्हाताऱ्याला तोंडावर थाप मारली होती. आत्या शालू नेसून दुकानात आली तेव्हाही अण्णांनी तिला खोटं सांगितलं नव्हतं. तिला घातलं होतं.

मी शटर अर्धं ओढलं. कपाटातून तिसरी टेप काढली आणि बापूला त्या दिवशी बाहेरचं काम सांगितलेलं असल्यामुळं एकटीच कामाला बसले. मुंबईचा सोलो काढला. म्हातारी माणसं परत घातली, पदरवाल्या बायका परत घातल्या आणि मधोमध बाबालाल, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मुठीसकट. मूठ कापावी का, म्हणून हात एकदा अडला. पण रुसलेला आधी टिप. पुढं कोल्हापूरच्या एका पेपरानं लिहिलं की या चित्रफितीत बँडपेक्षा प्रेक्षकच जास्त दिसतात. त्यांनी टीका म्हणून लिहिलं होतं. ते कात्रण अजून माझ्या काउंटरच्या काचेखाली आहे, येणाऱ्या गिऱ्हाइकाला पहिलं तेच दिसतं.

हारूनला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं परत पाया धरले असते.

कार्यालय भरलं. लग्नाची कॅसेट बघायला येतात तसे लोक नटून आले होते. कार्यक्रमाचेच दोन स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना होते आणि जुने विणकर न सांगता त्यांच्याजवळच्या खुर्च्या धरून बसले. बाबालाल पहिल्या रांगेत, उजव्या स्पीकरला चिकटून. हारून मधल्या रांगेत कारखानीसांशेजारी, इस्त्रीचा शर्ट घालून. बापाची आणि त्याची नजरानजर झाली नाही. मी सगळ्यांच्या मागं टेबलावर, व्हीसीआर आणि प्रोजेक्टर घेऊन. शेजारी बापू.

पहिली तीन गाणी मजेत गेली. पडद्यावर बाई दिसली की तिच्या आळीतून आवाज यायचा, “अगं ए, पारूबाई बघ कशी मान हलवायला लागलीया.” पारूबाई लाजून पदरात तोंड घालायची. सुकुमार दिसला की त्याची आई टाळ्या वाजवायची. कारखानीस मधून मधून मान वळवून माझ्याकडं बघत होते. हे सगळे अजून इथं कसे, असं त्यांना वाटत असणार.

मग सोलो आला.

पडद्यावर तळहात आले. एक, दोन, पाच. फळीवर टेकलेले, नसा वर आलेले, बोटांची टोकं सुतानं चिरलेली. पुढच्या रांगांतले लोक खुर्च्यांच्या कडेला सरकले. मग बाबालालांचा चेहरा आला, मिटलेले डोळे. मधल्या रांगेत हारून अर्धवट उठला.

“ताई,” बापू म्हणाला, “हे कवा घेतलंसा तुम्ही?”

कारखानीस खुर्च्यांमधून वाट काढत माझ्याकडं येत होते. पडद्यावर बाबालालांनी डोळे उघडले, जबडा घट्ट केला आणि मूठ उचलून फिरवली.

मी मान खाली घातली. आता पोराची अब्रू जाणार आणि ती मी घालवली, असं वाटलं. कुणी शिट्टी मारली नाही. मी वर बघितलं तर दुसऱ्या रांगेत एका म्हाताऱ्यानं मूठ वर करून फिरवली होती. मग त्याच्या शेजाऱ्यानं. मग डाव्या बाजूच्या साऱ्यांनी. बायकांनीही. बघता बघता निम्मं कार्यालय पडद्याकडं तोंड करून मुठी फिरवायला लागलं, एका शब्दाशिवाय.

“बापू,” मी म्हटलं, “एवढं चिडलेत का सगळे?”

“चिडल्यात?” बापू माझ्याकडं बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते. “अवो ताई, कारखान्यात काय ऐकू येतंय व्हय? लांबच्या मागावरच्या गड्याला कसं सांगायचं? मूठ अशी फिरवायची. म्हंजे चालू ठेव. थांबवू नगंस, माल चांगला निघालाय.”

तीन आठवडे मी ती टेप कपाटात कोंडून ठेवली होती. दया आली म्हणून.

पहिल्या रांगेत बाबालाल पडद्याकडं बघतही नव्हते. त्यांनी खुर्ची सरकवली होती आणि उजवा तळहात स्पीकरवर टेकवला होता. हारून उभाच होता. तो आता पडद्याकडं नाही, त्या पांढऱ्या टोपीकडं बघत होता, आणि त्याचं तोंड लहान मुलासारखं वेडंवाकडं झालं होतं.

कारखानीस टेबलापाशी पोचले. “मुंबईची टेप कुठाय? हे काय लावलंय तुम्ही?”

“जे झालं ते लावलंय.”

“बंद करा.”

“सोलो चाललाय,” मी म्हटलं.

त्यांनी माझा नाद सोडला आणि हारूनला हाक मारली. कडक, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “हारून! हिला सांग, ही टेप बंद कर म्हणून. ही फिल्म असेल तर माझी सही नाही. ऐकलंस? आत्ता सांग.”

माझं बोट बटणावर होतं. फिल्म मी केली असली तरी दार त्याचं होतं, आणि त्यानं थांब म्हटलं असतं तर मी थांबवली असती. हे मी आजही शपथेवर सांगते.

हारून वळला. एवढ्या माणसांवरून त्यानं कारखानीसांकडं बघितलं, मग माझ्याकडं. गिटार किंचाळत होती, त्यात त्याचा शब्द मला ऐकू आलाच नसता. तो बोललाही नाही. त्यानं डावी मूठ खांद्यापर्यंत उचलली आणि माझ्याकडं बघत फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा.

मी बटणावरचं बोट काढून घेतलं.